रिकाम्या पाण्याला घास

कनेरगावच्या नाक्यावर मी तीन वर्षं मुन्शी होतो. निजामाचा मुलूख तिथं संपायचा आणि पुढं वऱ्हाड लागायचं, म्हणून रस्त्यात एक बांबू आडवा टाकलेला असे, आणि बांबूशेजारी टेबल टाकून मी. आल्या-गेल्या गाडीत काय भरलंय ते उर्दूत लिहायचं, एवढंच काम. यंदा हद्दच उरली नाही, तेव्हा तो बांबू आता कुणाच्या तरी गोठ्याला लागला असेल. नाक्यावरचं लक्षात ठेवावं असं काही नव्हतंच. लक्षात राहिली ती द्वारकाबाई, जिच्या घरात मी खोली घेऊन राहायचो.

द्वारकाबाई स्वच्छ होती असं म्हणणं म्हणजे पैनगंगा ओली आहे असं म्हणण्यासारखं आहे. पहाटे उठून ती घरातलं सगळं पाणी फेकायची. रांजणातलं, घागरीतलं, देवापुढच्या गडव्यातलं, आणि माझ्या उशाशी झाकून ठेवलेल्या तांब्यातलंसुद्धा. रात्र ओलांडली की पाणी शिळं, आणि शिळं पाणी तिच्या लेखी पाणीच नव्हे. मग चिंच आणि राख लावून भांडी घासायची, विहिरीच्या दहा खेपा करायच्या आणि सगळं पुन्हा भरायचं. मी राहायला गेलो त्याच आठवड्यात तिनं माझी रूमी टोपी धुतली. ती लाल टोपी डोक्यावर असल्याशिवाय नाक्याच्या साहेबांपुढं उभं राहता येत नसे. वाळून हातात आली तेव्हा ती शेळीच्या करडाला बरोबर बसली असती.

"मुन्शी, काय धूळ निघाली म्हणून सांगू तिच्यातून," द्वारकाबाई म्हणाली. तिच्या तोंडावर इतकं समाधान होतं की मी आभार मानले.

तिचे यजमान तातेराव. उंच, हाडापेरानं दांडगा, बोलायला कमी. दोन लेकी, एक हट्ट्याला दिलेली, एक बाळापूरला. जमीन बटईनं लावलेली. माणसाला नाद एकच, मासे बघण्याचा. खाण्याचा नव्हे. द्वारकाबाईच्या गळ्यात माळ होती आणि तीस वर्षांत त्या घरात मासळीचा वासही शिरला नव्हता, त्याची तातेरावाला खंत नव्हती. दुपार कलली की तो कोसभर चालत नदीच्या डोहावर जायचा, मुरमुरे टाकायचा, आणि खडकावर बसून मासोळ्या बघायचा. सोबतीला सटवाजी भोई. पाण्याच्या रंगावरून तातेराव सांगायचा की मासे आज खाली बसलेत, उद्या वर येतील, आणि सटवाजी तसं जाळं टाकायचा. ज्यांना मुरमुरे घालायचे त्यांचाच पत्ता भोयाला द्यायचा, हे तातेरावाच्या मनात कसं बसायचं ते मी कधी विचारलं नाही. मित्रासाठी माणूस बरंच काही मनात बसवतो.

घरी आला की अंगणातच अंघोळ. द्वारकाबाई डोक्यावर घागर ओतायची आणि म्हणायची, "आले का सवतीकडून?"

नदीला ती सवत म्हणायची. तातेराव घागरीखाली डोळे मिटून हसायचा.

मी तिथं असतानाच्या दुसऱ्या वर्षी कार्तिकात तातेरावाला लकवा मारला. उजवं अंग गेलं, आणि होती तेवढी वाचाही गेली. हिंगोलीहून हकीमसाहेब आले. त्यांनी मालिशचं तेल दिलं आणि निघताना ओसरीच्या पायरीवर मला हळूच म्हणाले, "हात-पाय थोडे येतीलही. मगर आदमी का दिल ही उठ गया हो तो दवा क्या करेगी." हळूच म्हणाले, पण द्वारकाबाईनं ऐकलं. जिच्यापासून धुळीचा कण लपत नव्हता तिच्यापासून हे काय लपणार.

दिल उठलं होतं, हे आम्हालाही दिसत होतं. ओसरीतल्या खाटेवर तो भिंतीकडं तोंड करून पडलेला असायचा. दोन घास घेतले की डाव्या हातानं थाळी सरकवायचा. कुणी बोलतं करायला गेलं तर डोळे मिटायचा. सटवाजी रोज येऊन नदीचं सांगायचा, डोहात पाणी किती, मासा कुठं फिरतोय. मग तातेरावाच्या डोळ्याच्या कडेतून पाणी यायचं.

"भाऊजी, नदीचं नगा सांगू," द्वारकाबाई एक दिवस म्हणाली.

सटवाजीनं ऐकलं. पण त्याला दुसरं काही सांगता येत नव्हतं, म्हणून तो नुसता येऊन बसायला लागला.

संक्रांत झाली. तातेरावाच्या गालांची हाडं वर आली. एका सकाळी मी नाक्यावर निघालो तर द्वारकाबाई दारात आडवी उभी.

"मुन्शी, तू शिकलेला हायस. माणूस नदीला जाऊ शकत न्हाई. नदी माणसाकडं आणता येती का?"

वाशीमला एका वकिलाच्या बंगल्यात मी काचेची पेटी पाहिली होती. लोखंडी चौकट, चारी बाजूंनी काच, आत तांबडे मासे. वकील वारले होते आणि मुलं बंगला रिकामा करत होती. मी हे सांगून चुकलो आणि तिसऱ्या दिवशी ती पेटी सरकीच्या गाडीत बसून नाक्यावर आली. ती अडवायचं काम माझंच. साहेबांनी जकातीचं पुस्तक दोनदा चाळलं. त्यात कंदील होते, आरसे होते, बांगड्या होत्या. मासे ठेवायची पेटी नव्हती.

"इसमें क्या है?"

"पानी डालना है, साहब."

"अभी क्या है?"

"अभी कुछ नहीं."

"तो लिखो, कुछ नहीं."

मी तसं लिहिलं आणि बांबू वर केला.

द्वारकाबाईनं पेटी सात पाण्यांनी धुतली. खाटेजवळ तिवई मांडून ती भिंतीकडं नव्हे, मुद्दाम अंगणाच्या बाजूला ठेवली, म्हणजे बघायचं असेल तर तातेरावाला कूस बदलावी लागेल. विहिरीचं ताजं पाणी भरलं. काच अशी लखलखीत की सटवाजीनं वाकून बघताना नाक आपटून घेतलं. त्यानं घागरीतून पाच मासोळ्या आणल्या होत्या, बोटाच्या पेराएवढ्या, चंदेरी. माळकरणीच्या ओसरीत मासे. द्वारकाबाईनं पदर नाकाला लावला, पण सरकली नाही.

मासोळ्या पाण्यात पडल्या तसा बारीक आवाज झाला. तातेरावाची मान हलली. मग डाव्या हातानं खाटेची गात, कडेची दांडी, धरून त्यानं स्वतःला ओढलं आणि कूस बदलली. कार्तिकापासून पहिल्यांदा. बराच वेळ बघत राहिला. त्या दुपारी त्यानं अर्धी भाकरी खाल्ली. द्वारकाबाई आत गेली आणि चुलीकडं तोंड करून उभी राहिली. चूल पेटलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं घरातलं सगळं पाणी फेकलं, तसं पेटीतलंही फेकलं. ह्यात तिचं काही चुकतंय असं तिला वाटायचं कारणच नव्हतं. देवाचं पाणी शिळं चालत नाही, नवऱ्याचं चालत नाही, मग नवऱ्याच्या मासोळ्यांनी काय घोडं मारलं होतं. मासोळ्या तांब्यात काढल्या, काच चिंचेनं घासली, नवं गार पाणी भरलं. तिसऱ्या दिवशी दोन मासोळ्या पोट वर करून तरंगत होत्या. पाचव्या दिवशी पाचही. तिनं त्या पळसाच्या पानात उचलल्या, परसात पुरल्या आणि अंघोळ केली.

शेजारची गोजरबाई म्हणाली, नजर लागली. सटवाजीनं पुन्हा सात आणल्या. द्वारकाबाईनं पेटीवरून मीठ-मोहरी उतरून टाकली, आणि खबरदारी म्हणून पाणी दिवसातून दोनदा बदलायला लागली. चौथ्या दिवशी शेवटची मासोळी आडवी झाली. ती तोंड उघडत-मिटत होती आणि तातेराव ते बघत होता. ती थांबली. मग त्यानं पुन्हा गात धरली आणि स्वतःला भिंतीकडं फिरवलं.

त्यानंतर दोन दिवस त्यानं अन्नाला तोंड उघडलं नाही. चमच्यानं पाणी घातलं तर तेवढं गिळायचा.

"मी काय कमी केलं, मुन्शी?" द्वारकाबाईनं मला विचारलं. तिच्या हातात घासणी तशीच होती. "इतकं स्वच्छ पाणी त्या सवतीनं तरी दिलं असतं का त्यांना?"

मी सातवी पास होतो, पण सातवीच्या पुस्तकात हे नव्हतं. सटवाजी पायरीवर बसला होता, त्याला तिनं विचारलं.

"वैनी, मला काहून इचारून राहिल्या?" सटवाजी म्हणाला. "म्या मारणारा माणूस. जगवायचं मला काय ठावं. पाणी वळखायचं काम त्याचं." आणि त्यानं खाटेकडं हनुवटी केली.

हे अवघड होतं. तीस वर्षांत द्वारकाबाईनं नवऱ्याला काही विचारलं नव्हतं. ती सांगायची आणि तो हसायचा, असा त्यांचा संसार. ती आत गेली, हात धुतले, बाहेर आली, आणि खाटेजवळ भुईवर बसली.

"अवो," ती म्हणाली, "माझं कायतरी चुकून राहिलं. काय ते मला कळंना. तुमी सांगा."

तो हलला नाही. तीही हलली नाही. आत चुलीवर दूध होतं, ते उतू जाऊन राखेत पडल्याचा वास आला. तिला वास आला नसेल असं होणं शक्य नव्हतं. तरी ती उठली नाही. मीच जाऊन पातेलं उतरवलं आणि परत आलो तेव्हा तातेरावाचं तोंड आमच्याकडं होतं.

त्याचा डावा हात पांघरुणातून बाहेर आला. आधी त्यानं घागरीकडं बोट केलं आणि हात हलवला, हे नको. मग बोट सटवाजीच्या पायांकडं गेलं. सटवाजी थेट नदीवरून आला होता. पायाला घोट्यापर्यंत चिखल, आणि त्या चिखलाकडं द्वारकाबाई मघापासून दात खात बघत होती. तातेरावानं चिखल दाखवला, मग पेटी दाखवली.

"चिखल?" ती म्हणाली. "पेटीत?"

तातेरावानं डोळे मिटून उघडले. म्हणजे व्हय.

मग बोटं एकमेकांवर चोळली. वाळू. मग पंजा आडवा धरून सावकाश खाली नेला. राहू द्यायचं, हात लावायचा नाही. मग तो डावा हात छातीशी घेऊन हळूहळू हलवायला लागला, पाळणा हलवावा तसा.

"नातू बघायचाय त्यांना," मी म्हणालो. "हट्ट्याच्या ताईला निरोप पाठवू या."

तातेरावानं माझ्याकडं पाहिलं. माझ्या उर्दूतल्या चुका काढताना साहेब बघायचे, तसंच.

"तू गप, मुन्शी," द्वारकाबाई म्हणाली. "बाळंतीण म्हणत्यात. बाळंतिणीला सव्वा महिना कुणी हलवत न्हाई. पाण्याला बी सव्वा महिना हलवायचं न्हाई. व्हय ना?"

डोळे मिटून उघडले.

एवढ्यानं झालं नाही. उशाशी सकाळची भाकरी तशीच पडली होती. तातेरावानं तिचा तुकडा मोडला, आणखी मोडून नखाएवढा केला आणि पेटीच्या दिशेनं फेकला. तो भुईवर पडला. द्वारकाबाईला वाटलं, अन्न फेकून राहिले. तिचा चेहरा उतरला. त्यानं पुन्हा तुकडा मोडला, पुन्हा फेकला. ह्या वेळी तो काचेवर आपटला.

"पाण्याला खाऊ घाल म्हणतो," सटवाजी म्हणाला.

"आता? मासे न्हाईत त्यात."

"न्हाईत. पर तो तसंच म्हणून राहिला."

द्वारकाबाई विचारात पडली. पेटीकडं बघितलं, भाकरीकडं बघितलं, मग तिची नजर आत गेली, शिंक्यावर टांगलेल्या दह्याच्या गाडग्यावर. घरातलं सगळं रोज फेकणारी ही बाई ते गाडगं मात्र कधी रिकामं करत नसे. लग्नात माहेरून आणलेलं दही, त्यातलं चमचाभर रोज मागं राहायचं आणि उद्याच्या दुधाला लागायचं. तीस वर्षं.

"विरजण," ती म्हणाली. "अगं आई. पाण्याला विरजण लावायचं हाय."

तातेरावानं डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. दमला होता बिचारा. एका माळकरणीला नदी शिकवायची म्हणजे काही सोपं काम नाही.

दुसऱ्या दिवशी द्वारकाबाई नदीला निघाली. पुढं सटवाजी, मागं टोपली घेऊन मी, मध्ये ती, सवतीच्या घरी पहिल्यांदा जाणारी बाई चालेल तशी, पदर नीट करत. डोह बघून म्हणाली, "हे एवढंसं?" मग सटवाजीनं सांगितलं तिथली वाळू तिनं स्वतः उपसली. शेवाळ धरलेले दोन दगड घेतले. काठच्या संथ पाण्यातलं हिरवं गवत मुळासकट घेतलं. सगळं टोपलीत भरल्यावर तिनं विचारलं, "ते कोणत्या खडकावर बसायचे?" सटवाजीनं दाखवला. ती जाऊन त्यावर बसली. आम्ही दोघं उन्हात उभे.

"बसायला बरं हाय," ती उठताना म्हणाली.

वाळू पेटीत घालायच्या आधी धुवायची नाही, हे तिला दोनदा सांगावं लागलं. तिचे हात आपोआप घागरीकडं जायचे. शेवटी तिनं ते मांडीखाली घेतले आणि वाळू मी घातली. वर अर्धं नदीचं पाणी, अर्धं विहिरीचं.

तिसऱ्या दिवशी पाणी तांदूळ धुतल्यासारखं पांढरं झालं. पाचव्या दिवशी वास सुटला. द्वारकाबाईच्या ओसरीला वास येतो, ही बातमी गावात अशी फिरली की बाया मुद्दाम विस्तव मागायला यायला लागल्या. आणि रोज दुपारी त्या बायांच्या देखत द्वारकाबाई त्या पांढऱ्या, रिकाम्या पाण्यात नखाएवढा भाकरीचा तुकडा टाकायची. तातेराव स्वतःचं नख दाखवायचा, एवढाच, जास्त नाही.

विहिरीवर गोजरबाई विचारायची, "द्वारके, पाणी जेवलं का गं?"

"जेवलं. तुझे मालक जेवले का ते बघ."

"तोंड धुतलं का त्यानं जेवून?"

"तुझ्यापरीस आधी धुतलं."

अशी उत्तरं देऊन ती घरी यायची आणि पेटीपुढं बसून मला म्हणायची, "मुन्शी, खरंच सडून राहिलं का रे हे?" वास तर सडल्याचाच होता.

पण त्या पहिल्याच दुपारी एक गोष्ट झाली. तिनं पाण्यात तुकडा टाकला आणि लगेच दुसरा तुकडा दुधात भिजवून तातेरावाच्या तोंडाशी नेला.

"पाण्याला एक, तुमाला एक," ती म्हणाली. "पाणी जेवून राहिलं. तुमी मागं राहू नगा."

औषध त्यानंच सांगितलेलं, तेव्हा नाही कसं म्हणणार. त्यानं तोंड उघडलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाण्याला एक, त्याला एक, आणि मग ती हिशेब विसरल्यासारखं करून आणखी एक. आठवड्यानं पाण्याला एक आणि त्याला पाव भाकरी. पाण्यानं तक्रार केली नाही.

पांढरेपणा हळूहळू बसला. मग अंगणाच्या बाजूची काच हिरवी व्हायला लागली, आणि द्वारकाबाईची खरी परीक्षा तिथं सुरू झाली. वास तिनं सोसला होता, हे डोळ्यासमोरचं हिरवं तिला सोसवेना. ती फडकं घेऊन यायची, पेटीपुढं उभी राहायची, आणि मग तिवईचे पाय पुसायची. खाटेचे पाय पुसायची. माझी नवी टोपी मी त्या दिवसांत नाक्यावरच ठेवून यायचो.

विसाव्या-बाविसाव्या दिवशी काचेवर मोहरीएवढी एक गोगलगाय दिसली. नदीच्या गवतातून आली असणार. तातेराव ती दुपारभर बघत राहिला. खालून वर, वरून खाली. द्वारकाबाईनं मला विचारलं, "हे चांगलं का वाईट?" मी म्हणालो, ते बघून राहिलेत म्हणजे चांगलंच असणार. तिला ते पटलं, आणि संध्याकाळी ती गोगलगाईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ऱ्हा बाई तूबी."

रंगपंचमी होऊन गेली. सव्वा महिना भरला त्या दिवशी पाणी स्वच्छ होतं, पण विहिरीच्या पाण्यासारखं नव्हे. किंचित पिवळसर, आणि आतली वाळू दाणा अन् दाणा दिसावी असं. तातेरावानं हात पुढं केला. द्वारकाबाईनं त्याचं बोट पाण्यात बुडवलं. त्यानं ते नाकाशी नेलं. मग त्यानं डोळे मिटून उघडले, आणि सटवाजीला तीन बोटं दाखवली.

सटवाजीचा हात मोठा, त्यानं दहा आणल्या. तातेरावानं पुन्हा तीन बोटं दाखवली. सात मासोळ्या सटवाजीनं कोसभर परत नेऊन डोहात सोडल्या. भोयानं मासे परत सोडले, ही गोष्ट त्यानं घरी बायकोला सांगितली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे द्वारकाबाई उठली ती आधी पेटीपाशी आली, मग पाणी फेकायला गेली. तीनही जिवंत. तिसऱ्या दिवशी तीन. पाचव्या दिवशी मी उठायच्या आधीच खिडकीतून तिचा आवाज आला, "तीन हायत, मुन्शी." आठव्या दिवशी तातेराव उशीला टेकून बसला आणि डाव्या हातानं स्वतः जेवला. पण बोलणं नव्हतं. हकीमसाहेबांनी सांगितलं होतं की वाचा यायची असती तर एव्हाना आली असती. द्वारकाबाई मला म्हणाली, "न्हाई आली तर न्हाई. तसंबी काय मोठं बोलायचे." हे ती मला सांगत होती, असं मात्र तिच्या तोंडाकडं बघून वाटलं नाही.

बाराव्या दिवशीची सकाळ. मी ओट्यावर दाढी करत बसलो होतो. द्वारकाबाई रांजण रिकामा करून, घागरी रिकाम्या करून, गडवा रिकामा करून ओसरीत आली. झोप डोळ्यांतून गेलेली नव्हती. हातातला तांब्या, तीस वर्षांची सवय, सरळ पेटीत बुडाला.

"राहू दे."

आवाज वंगण नसलेल्या गाडीच्या चाकासारखा होता. पण शब्द स्पष्ट होते. माझा वस्तरा गालावर थांबला. द्वारकाबाईचा तांब्या पाण्यात तसाच राहिला, आणि तिन्ही मासोळ्या त्याच्याभोवती गोळा होऊन आत काय आहे ते बघायला लागल्या.

"काय म्हणाले?" तिनं विचारलं.

स्वतःचं बोलणं स्वतःलाच ऐकू आल्यासारखं तातेरावाचं तोंड उघडं होतं.

तिनं त्याच्याकडं पाहिलं. मग त्याच्यावरची नजर न काढता तिनं तांब्या भरून उचलला, सावकाश.

"राहू दे म्हनलं ना," तातेराव म्हणाला.

तिनं तांब्या परत पेटीत ओतला, थेंब न सांडता. "राहू देते," म्हणाली, आणि आत गेली. नंतर बराच वेळ आतून भांड्यांचा आवाज आला नाही. मी एकाच गालाची दाढी करून नाक्यावर गेलो.

त्यानंतर रोज पहाटे द्वारकाबाई तांब्या घेऊन पेटीपाशी जायची. तिला पाणी बदलायचं नव्हतं, हे मला कळत होतं. सटवाजीला कळत होतं. तातेरावाला तर कळत असणारच, पाणी ओळखणारा माणूस. तरी ती तांब्या बुडवायची आणि तो दटावायचा. आधी नुसतं "राहू दे". मग "हात नको लावू". पाडवा होऊन आठवडा झाला तेव्हा "किती येळा सांगू तुला", हे पूर्ण वाक्य, मध्ये एकदा श्वास घेऊन. ती "बरं" म्हणायची आणि विहिरीवर जायची, आणि तिथं सगळ्या बायांना नवं वाक्य सांगायची, माहेरून साडी आल्यासारखं.

चैत्र संपता संपता एका सकाळी मी विहिरीवरून जात होतो. गोजरबाई रहाट ओढत होती आणि द्वारकाबाई घागर काखेत घेऊन तिला सांगत होती.

"आज मला म्हणाले, डोकं हाय का तुला."

"मग? तू काय म्हणालीस?"

"मी म्हणाले, न्हाई," द्वारकाबाई म्हणाली. "उद्या पुन्हा इचारतील."